नळ गळतोय, तक्रार करा

"मागच्या वेळी या परीक्षेत तोंडामुळे नापास झालात," प्लंबरची कॉलर सारखी करत बायको म्हणाली. "आज विचारतील तेवढंच बोला. लेक इथे, नातवंडं इथे. इथलं नागरिकत्व नाही मिळालं तर परत मायदेशी जाऊन कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"अगं, हे शहर नुसते खड्डे होतं तेव्हा अर्ध्या गल्ल्यांचे पाइप मी टाकले. त्या वेळी कोणी भाषा विचारली नाही!" तो धुमसतच परीक्षेच्या खोलीत शिरला.

कायदे, निवडणुका, सगळं सुरळीत पार पडलं. मग तरुण परीक्षक बाई म्हणाल्या, "आता संभाषण. समजा, तुमचा नळ गळतोय. मी घरमालक. माझ्याकडे तक्रार करा."

"कशाला? मी वॉशर बदलीन."

"तुम्हाला ते येत नाही असं समजा."

"मला येत नाही?" प्लंबरचे कान लाल झाले.

"आजोबा, तक्रार नाही तर गुण नाहीत."

"आणि हा तुमचा नळ?" त्याने कोपऱ्यातल्या टपटपणाऱ्या बेसिनकडे बोट केलं. "याची तक्रार कोणी करायची?"

"कितीदा केली," बाई ओशाळल्या. "इमारतीचे मालक वरच राहतात, पण ऐकतच नाहीत."

प्लंबरने खिशातला पाना काढला आणि रागारागाने एक पिळा दिला. गंजलेला नळ मुळासकट हातात आला. पाण्याचा फवारा थेट बाईंच्या केसांवर.

"मेन कॉक कुठाय?"

"मालकांच्या कुलपात!"

बाईंनी फोन लावला. "साहेब, कृपया... हो, समजू शकते... पुढच्या आठवड्यात?"

प्लंबरने फोन हिसकावला. "पुढच्या आठवड्यात? पोरीला इथे पोहायला लावतोस? भाडं घेताना आठवडा थांबतोस का? दुरुस्ती मालकाने करायची, कायदा आहे! आत्ता खाली ये, नाहीतर नगरपालिकेत जातो, तिथून कोर्टात जातो आणि तिथेही नाही जमलं तर निवडणुकीला उभा राहतो!"

सगळं त्या देशाच्याच भाषेत. चुका पुष्कळ, पण अडखळणं नाही.

"अहो, आवरा तोंड!" दारातून बायको रडकुंडीला येऊन म्हणाली. "झालं! चला आता सामान बांधायला."

वरच्या मजल्यावरचा मालक किल्ली घेऊन धावत आला, घोटाभर पाण्यात उभा राहून ओरडला, "नळ कोणी मोडला? कोण हा भांडखोर म्हातारा?"

बाईंनी केस पिळले, चष्मा पुसला.

"आमचे नागरिक आहेत," त्या म्हणाल्या. "आधी पाणी बंद करा."