आधी द की आधी व

माझा मेहुणा या भागातला सर्वांत तल्लख गुप्तहेर आहे, असं माझा मेहुणा म्हणतो. नजर घारीची, कान सशाचे, नाक कुत्र्याचं. मेंदू कोणाचा, ते अजून ठरायचंय. मी त्याचा मदतनीस, कारण त्याची बहीण माझी बायको होती. आमच्याकडे नाही म्हणायचं काम तीच करायची.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा तिनं लाल पेनानं रंगवून परत पाठवली होती. संध्याकाळी अंगणातल्या बाकावर बसून कुंपणातला भारद्वाज बघायची. ती गेल्यावर मी बाकावर रंगवून घेतलं : ‘भारद्वाज बघायला ती इथे बसायची.’ तिच्या आठवणीसाठी केलेली ही एकच गोष्ट. तीतच चूक राहिली तर संपलंच.

आणि रोज सकाळी त्यातला भारद्वाज हा शब्द बदललेला. जोडाक्षरात आज द आधी, उद्या व आधी. बरोबर कोणतं, मला ठाऊक नव्हतं. ती असताना गरजच पडली नाही. या गोष्टीत तो बरोबर छापला असेल तर श्रेय छापखान्याचं.

‘भाऊजी, हे भारद्वाज नावाच्या माणसाचं काम,’ मेहुणा म्हणाला. ‘ताई त्याला बघायला बसायची. बाकावर स्पष्ट लिहिलंय.’

‘तो पक्षी आहे.’

‘असं ताईनं तुम्हाला सांगितलं.’

दुसऱ्या दिवशी ओल्या रंगात पक्ष्याचं पाऊल सापडलं. मग आरोपी पक्षीच. त्याला स्वतःच्या नावावर आक्षेप होता. तिसऱ्या दिवशी संशय माझ्यावर. म्हणे, मी झोपेत उठून रंगवतो.

‘झोपच लागत नाही रे. झोपेत कसा उठणार?’

शेवटी शेजारच्या काकू कपडे वाळत घालताना म्हणाल्या, ‘पेंटर येतो की पहाटे. मीच चहा देते त्याला.’

‘आधी का नाही सांगितलंत?’

‘तुमचा मेहुणा झुडपातून गप्प बसायच्या खुणा करत होता. मग घोरायला लागला.’

पेंटरला बोलावलं. ‘बाईंनी छापखान्याच्या पाटीवरचा माझा प्रवेशद्वार हा शब्द तीनदा पुसायला लावला होता,’ तो म्हणाला. ‘तेव्हापासून धास्ती बसलीय. कोशात बघून निघतो, पण बाकापर्यंत येईस्तोवर शंका येते. पूर्वी बाईंना विचारता यायचं.’

त्यानं ब्रश डब्यात बुडवला.

‘सोनकावळा लिहू का? पक्षी तोच, सोपं पडेल.’

‘तिच्या बाकावर कावळा नको.’

‘अहो, म्हणून बघा ना,’ काकू म्हणाल्या. ‘आधी जीभ दाताला लागते की ओठ?’

काकू, पेंटर आणि मी बाकावर बसून भारद्वाज, भारद्वाज म्हणत राहिलो. कुंपणातला पक्षी वैतागून निघून गेला. आधी जीभ लागत होती. म्हणजे आधी द. पेंटरनं रंगवलं आणि पुन्हा शंका यायच्या आत ब्रश धुऊन टाकला.

संध्याकाळी मेहुण्यानं अहवाल आणला : ‘निश्कर्श – माझा संशय पक्शावर होताच.’

मी कपाटातून तिचं लाल पेन काढलं. ती गेल्यापासून उघडलं नव्हतं.

चालत होतं.