खाचरातलं मेटल

रविवारी दुपारी तीन वाजता कुंडलिकच्या भातखाचरात दोन बाजूंनी गर्दी उतरली. खालच्या बांधावरून पुण्याची दोनशे तरुण पोरं आली आणि वरच्या बांधावरून बाजी धनगराची तीनशे मेंढरं.

पोरांच्या कार्यक्रमाला खाचर कुंडलिकनेच दिलं होतं. चैत्रात त्याची बायको सखूबाई आजारी पडली, तेव्हा तिला वेल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत न्यायला पप्पूचा दुधाचा टेम्पो मिळाला, तोही दूध घालून परत आल्यावर. त्याचा उपयोग झाला नाही; ती वाटेतच गेली. मग वाडीसाठी रुग्णवाहिका आणायचीच, असं लेकीने, अश्विनीने, मनावर घेतलं. पुण्यात तिच्या ओळखीचे मेटलवाले होते. मेटल म्हणजे कर्कश गिटार, जोरकस ड्रम आणि घसा फाटेपर्यंत ओरडणं. ते फुकट वाजवणार होते आणि तिकिटांचे पैसे रुग्णवाहिकेला जाणार होते. परवानगी चार ते सहा. दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. वाडीतले बारा स्वयंसेवक छातीवर बिल्ले लावून वऱ्हाडी आल्यासारखे सगळ्यांना पाणी विचारत होते.

"बाजी, आज न्हाई रं. कार्यक्रम हाय," कुंडलिक म्हणाला.

"मंग म्या कुठं जाऊ? वैनींनी गेल्या साली निघतानाच सांगितलं व्हतं. भात निघालं की मेंढरं आमच्याच खाचरात बसवायची. म्या वाटंत तिघांना न्हाई म्हणून आलोय. उद्या घाट उतरायचाय."

खतासाठी मेंढरं बसवायचं सगळं सखूबाईच बघायची. कुंडलिकला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"बसव," तो म्हणाला.

"आबा!" अश्विनी धावत आली. "लोकांनी तिकिटं काढल्यात. रुग्णवाहिका पायजे का न्हाई?"

"पायजे. आन् तुझ्या आईचा शबूदबी ऱ्हायला पायजे."

चहूबाजूंना लोकांचा हरभरा उगवलेला, त्यामुळे मेंढरं दुसरीकडे हलवायची सोय नव्हती. शेवटी स्वयंसेवकांचा म्होरक्या पप्पू याने खाचराचे दोन भाग केले. मध्ये बाजीची जाळी लावली. लोकांना बसायला पेंढा पसरला होता, तो मेंढरांनी जाळीतून तोंडं घालून खायला सुरुवात केली.

"खाऊ द्या," पप्पू म्हणाला. "ही माणसं बसत न्हाईत म्हणं."

चार वाजता पहिलं गिटार किंचाळलं. मागोमाग ड्रम सुरू झाला. मेंढरांनी जाळी पाडली.

भ्यालेलं मेंढरू रानात पळत नाही, कळपाकडे पळतं. समोर कळप होताच. काळे शर्ट घातलेली दोनशे पोरं खाली मान घालून केस झिंजाडत होती. बाजीची काळी मेंढरं थेट त्यांच्यात जाऊन घुसली.

गाणं थांबलं. मेंढरं मात्र बाहेर येईनात. स्वयंसेवकांनी एकेक उचलून आणायला सुरुवात केली. एक आणून ठेवलं की ते परत पळायचं. अर्धा तास गेला.

"आबा, असं चाललं तर सहा वाजतील. लोकं पैसं मागं मागतील," अश्विनी रडकुंडीला आली.

"कळप उचलून न्हेत न्हाईत, बोलवत्यात," बाजी वैतागून म्हणाला. "पर या कालव्यात माजा आवाज कुणाला जातोय?"

कुंडलिकने त्याचा हात धरून त्याला स्टेजवर नेलं आणि माइकपुढे उभं केलं. बाजीने दोन्ही हात तोंडाशी धरून रानातली हाळी दिली. हरभऱ्यातले बगळे उडाले. मेंढरं निघाली ती थेट स्टेजकडे; सामान चढवायच्या फळीवरून मावली तेवढी वर चढून ड्रमवाल्याला वेढून उभी राहिली, बाकीची खाली ट्रॉल्यांभोवती दाटली.

"वन्स मोर!" पोरं ओरडली.

बाजी खाली उतरला की मेंढरं बिथरायची, तो वर असला की शांत. म्हणून बाजी घोंगडी पांघरून दोन गिटारवाल्यांच्या मध्ये उभा राहिला आणि कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. मधूनमधून तो हाळी द्यायचा. पाचव्या गाण्याला गायक म्हणाला, "काका, तुम्हीच म्हणा. माझा घसा बसला."

सहाच्या ठोक्याला सगळं संपलं. कुणीही पैसे मागे मागितले नाहीत. उलट दहाबारा जणांनी पुढच्या वर्षीची तिकिटं आत्ताच द्या म्हणून पप्पूला घेरलं.

बाजीने खाली उतरून खाचर न्याहाळलं. "कुंडलिक, भ्याल्यामुळं दोन रातीचं खत दोन तासांत पडलंय बघ."

कुंडलिकनेही पाहिलं. मग त्याची नजर फाट्याकडे निघालेल्या पोरांच्या, लेंड्यांनी भरलेल्या जाड तळव्यांच्या बुटांवर गेली. तो तरातरा वाट अडवून बांधावर बसला, कमरेचं खुरपं काढलं आणि पहिल्या पोराला म्हणाला,

"पाय वर कर. पुण्यात तुला हे काय कामाचं?"

दोनशे जणांची रांग अंधार पडला तरी संपली नाही.