मगदूम हवालदारांचा चार्ज

आमच्या गल्लीतल्या मगदूम हवालदारांना कुठूनही हलवायचं असेल, तर त्यांच्या जागी आधी दुसरा माणूस आणून उभा करावा लागतो. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली. पण ही बातमी फौजेला कळली, हवालदारांना कळवायची राहून गेली.

त्यांची उभी हयात संत्रीच्या ड्यूटीत गेली. संत्री म्हणजे पहारेकरी. आणि पहाऱ्याचा पहिला नियम असा, की बदलीचा माणूस येऊन 'चार्ज घेतला' म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. एकदा बदलीचा माणूस बर्फात अडकला आणि हवालदार एकटेच उभे राहिले. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते सोळा तास उभे होते. पुढं त्याचे दोन दिवस झाले. हल्ली मी सांगतो तेव्हा आठवडा होतो, आणि सातव्या दिवशी त्यांच्या टोपीवर घारीनं घरटं बांधलेलं असतं. बर्फात घारी असतात का, असं आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही.

रविवारी मटणाच्या रांगेत पिशवी हातात पडली तरी हा गडी बाजूला होत नाही. मागच्याकडं वळून आधी रिपोर्ट. "मांजरं दोन, दोन्ही लबाड. काटा डावीकडं झुकतोय, खाटकाची नजर उजवीकडं. चार्ज घ्या!"

"घेतला ओ आबा, सरका की आता! रस्सा कवा व्हायचा?"

सलूनमध्ये एकदा दाढी झाली आणि पुढचं गिऱ्हाईकच येईना. शेवटी सलूनवाला स्वतः खुर्चीत बसला, तेव्हा हवालदार उठले. एसटीनं मुरगूडला लेकीकडं निघाले होते तेव्हाची तऱ्हा तर विचारू नका. मुरगूड आलं, पण सीटचा चार्ज घ्यायला कुणी चढेना, म्हणून ते थेट गारगोटीपर्यंत गेले. कंडक्टरनं हात जोडले, असं ते सांगतात. कंडक्टर रडला, असं मी सांगतो.

पण मुख्य पोस्ट म्हणजे घरचं फाटक. सकाळी सहाला उभे राहायचे ते एकच्या ठोक्याला मगदूमकाकू बाहेर येईपर्यंत.

"फाटक एक, कुलूप एक, कुंड्या सात. कुत्री दोन, वळखीची. सब ठीक!"

"घेतला चार्ज. चला, कालवण निवतंय."

मग काकू सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत पहाऱ्यावर बसायच्या. मांडीवर निवडायच्या तांदळाचं सूप, पाय लांब सोडलेले. पाच मिनिटांत संत्री घोरायला लागायचा.

"ड्यूटीवर झोपणाऱ्याला फौजेत काय शिक्षा हाय, ठावं हाय काय?"

"मग घाला की तुरुंगात. तितं तरी झोपू देतील," डोळे न उघडता काकू म्हणायच्या.

गेल्या दिवाळीच्या आधी काकू गेल्या. चार्ज घ्यायला कुणी उरलं नाही. हवालदार ताट हातात घेऊन फाटकातच उभ्यानं जेवायला लागले. सुरुवातीला गल्ली हळहळली, मग सवयीनं हसायला लागली. मीही त्यात होतोच.

अशात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एका म्हशीला त्यांनी "कोण हाय ते बोला!" म्हणून दरडावलं. म्हैस थांबली, तेव्हा तिला पुढं जायची परवानगीही दिली. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकलीला कडक सलाम ठोकला. डॉक्टरांनी फाटकातच येऊन तपासलं आणि सांगितलं, आता उशीर केला तर उजवा डोळा हातचा जाईल. लेक सुनीता ऑपरेशनला न्यायला मुरगूडहून दोनदा गाडी घेऊन आली आणि दोनदा रिकामी परत गेली.

"आबा, डोळा जाईल ओ!"

"जाऊ दे. पोस्ट सोडायची न्हाय."

जावयांनी चार्ज घ्यायची तयारी दाखवली. पण सावधान उभं राहिल्यावर त्यांचं पोट विश्राममध्येच राहतं, म्हणून ते नापास. तिसऱ्या खेपेला सुनीता माझ्या दारात येऊन रडली. मी शिकवतो त्या शाळेला मे महिन्याची सुट्टी होती आणि मला फुशारकी मारायची जन्मजात खोड. मी म्हटलं, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मी घेतो चार्ज."

सकाळी आठला फाटकात समारंभ झाला. कुलूप, कुंड्या, कुत्री, सगळ्यांची ओळखपरेड. प्रत्येक वस्तूला मी "घेतला!" म्हणून बोंबललो. मग हवालदार मला सोप्यात घेऊन गेले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"ही खुर्ची. हिच्यावर बसायचं न्हाय."

"मग मी कुठं बसू?"

"संत्री बसतोय व्हय, मास्तर?" त्यांनी फरशीवर खडूनं केलेल्या खुणा दाखवल्या. "चारला ऊन आत येतंय. ह्या खुणांवरनं उचलायची, भिंतीकडच्या त्या खुणांवर ठेवायची. वढायची न्हाय. आवाज हुतो."

"अहो आबा, पण रिकामी खुर्ची—"

"उचलायची," ते म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

मी छातीठोक सांगतो की मी दिवसभर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. गल्लीला मी हेच सांगितलंय. खरं म्हणजे दुपारी जेवून सोप्यातच चटई टाकली. जाग आली ती गाडीच्या हॉर्ननं. पाच वाजत आले होते आणि लाल खुर्ची भर उन्हात होती. फाटक करकरलं तशी मी खुर्ची उचलली, सावलीतल्या खुणांवर ठेवली आणि सावधान उभा राहिलो.

"सब ठीक!"

एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, सुनीताचा हात धरलेला. हवालदार चाचपडत खुर्चीपाशी आले आणि बैठकीवर पालथा हात ठेवला. ठेवला आणि चटका बसावा तसा उचलला.

मी शिक्षेची वाट बघत उभा. पण माझ्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"पायावर ऊन आलं असणार," ते म्हणाले. मला नव्हे.

आत जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणला आणि खुर्चीपुढच्या तापलेल्या फरशीवर शिंपडायला वाकायला लागले. सुनीता ओरडली, "आबा, वाकायचं न्हाय म्हणून सांगितलंय!"

मी पुढं झालो. "द्या आबा. चार्ज घेतला."

त्यांनी क्षणभर विचार केला, तांब्या माझ्या हातात दिला आणि खुर्चीच्या मागं, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मी ओंजळभर पाणी सपकन मारणार, एवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, मास्तर."