काचेमागची बाई

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या समुपदेशन केंद्रात नवशिक्यांना तयार करायचं काम ग्लेनिसकडे होतं. ती पहिल्याच दिवशी बजावायची, "समोरच्याला बोलू द्यायचं. होकार नाही, नकार नाही, सल्ला तर मुळीच नाही. चेहरा कसा, पुसून ठेवलेल्या ताटासारखा!"

आज नवशिकी टेगन पहिल्यांदाच एकटी बसणार होती. समोर होते निवृत्त रेल्वे फिटर मर्व आणि त्याची बायको डोरीन. डोरीनची बॅग गाडीच्या डिकीत भरलेली होती. इथलं काही जमलं नाही, तर ती थेट पर्थला बहिणीकडे निघणार होती.

टेगनच्या पाठीमागे भिंतभर आरसा होता. त्याच्या पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून ग्लेनिसला सगळं दिसायचं, ऐकूही यायचं; तिथे अंधार असेपर्यंत इकडून मात्र तो नुसता आरसाच. तिथे कुणीतरी बसतं, हे त्या दोघांना आधीच सांगितलेलं होतं. ग्लेनिस सोबत विणकाम घेऊन बसली होती. मध्येच एक टाका सुटला, म्हणून तिने टेबलावरचा दिवा लावला. टाका सापडला, पण दिवा विझवायचा राहून गेला.

मर्व-डोरीनला आरशात आपल्या दोघांच्या मधोमध जांभळा स्वेटर घातलेली एक बाई दिसू लागली.

"दिवसभर घरामागच्या शेडमध्ये काय करता?" टेगनने विचारलं.

"असतात कामं," मर्व म्हणाला.

बाईने नाक मुरडलं.

मर्व चुळबुळला. "म्हणजे... रेडिओ ऐकतो."

बाईने सावकाश मान हलवली. छे!

"बरं बाई, सांगतो!" मर्व एकदम म्हणाला. टेगन तर गप्पच होती. आपल्या गप्प बसण्यात एवढी ताकद असेल, असं तिला वाटलं नव्हतं. "घरात मी हिच्या पायात येतो. रिटायर झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ही म्हणाली, पाय उचल."

"अरे म्हाताऱ्या, मी केर काढत होते!" डोरीन ओरडली. "पाय उचल म्हटलं, बिऱ्हाड उचल नाही म्हटलं!"

काचेमागची बाई लोकरीच्या गुंड्याला डोळे पुसू लागली. ते पाहून डोरीनलाही रडू फुटलं.

जाताना तिने मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. "जांभळा रंग शोभतो हो तुम्हाला. आणि तुम्ही मान हलवली नसतीत ना, तर हा रेडिओवरच अडकला असता."

ग्लेनिसने दिव्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले.

तेवढ्यात टेगन नाचतच आत आली. "पाहिलंत? एका प्रश्नानंतर मी एक शब्द बोलले नाही!"

गप्प राहणं सोपं होतं. पण ग्लेनिसने सगळं सांगून टाकलं.

टेगनचा चेहरा पडला. "म्हणजे मी काहीच केलं नाही?"

"तू त्यांना अडवलं नाहीस. तमाशा मी केला. पुढच्या वेळी मी त्यांच्यासमोर बसते, तू काचेमागून माझ्यावर लक्ष ठेव."

पुढच्या मंगळवारी ग्लेनिसने दोघांची रीतसर माफी मागितली. डोरीनने ती हसण्यावारी नेली. तिची बॅग केव्हाच माळ्यावर गेली होती. मर्व मात्र आरशाकडे बघत होता.

"ती पोरगी कुठंय?"

"मागे बसलीय."

"एकटी? अंधारात? बोलवा तिला."

टेगन लाजत आत आली. मर्वने स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली, मग आपल्या जागी नीट टेकून बसला.

"फक्त एक करा," तो म्हणाला, "माना एकेकीनं हलवा. दोघी एकदम हलवायला लागलात, तर मी कुठलं खरं सांगायचं?"