खानदानी लांडग्याची मेंढी

सावेरियो आदिनोल्फीची घंटावाली मेंढी लांडग्याने खाल्ली, ही बाब निर्विवाद होती. पशुवैद्यांनी पंचनामा केला होता, त्या घंटेचा शेवटचा आवाज दक्षिण इटलीतल्या इर्पिनियाच्या अख्ख्या डोंगराने ऐकला होता आणि खुद्द लांडग्यानेही इन्कार केलेला नव्हता. सावेरियोचं सरकारकडे एकच मागणं होतं, मेंढीच्या बदल्यात मेंढी. पुढे घंटा वाजत नसेल तर कळप डोंगर चढत नाही.

नगरपालिकेच्या खिडकीत कास्ताल्दोसाहेब होते.

"आडनाव?"

"आदिनोल्फी. अहो, माझ्या लग्नात नाचला होतात की तुम्ही!"

"तेव्हा मी कामावर नव्हतो." साहेबांनी चष्मा पुसला. "नव्या नियमानुसार आडनावाचं मूळ तपासावं लागतं. चौदाशे वर्षांपूर्वी उत्तरेकडून लोंबार्द टोळ्या इटलीत उतरल्या. त्यांच्या जर्मन बोलीतलं तुमचं आडनाव. अर्थ, खानदानी लांडगा."

"असेल. मग?"

"मग काय! आरोपी तुमचा भाऊबंद. घरच्याने घरची मेंढी खाल्ली. याला नुकसान नाही म्हणत, वाटणी म्हणतात."

रांगेतले लोक खो खो हसले.

"माणूस आहेत हो हे!" सावेरियोची बायको फिलोमेना कडाडली. "इतकी वर्षं नांदतेय मी. घोरतात, पण चावत नाहीत!"

"जपून बोला बाई. लांडगा संरक्षित प्राणी आहे."

संरक्षण त्याच दिवशी लागू झालं. सावेरियोच्या गळ्यात माग काढणारा पट्टा आला. लांडगा आणि मेंढ्या यांच्यामध्ये विजेचं कुंपण सक्तीचं, म्हणून तेही आलं. मेंढ्या आत, सावेरियो बाहेर. डोंगरावरून संध्याकाळ उतरली, तशा मेंढ्या तारेशी येऊन उभ्या राहिल्या, लेकरांनी उंबऱ्याशी उभं राहावं तशा. त्याला राहवेना. त्याने रोजची साद घातली, "या गं, या गं माझ्या बायांनो..."

शेजाऱ्यांनी तक्रार नोंदवली, लांडगा ओरडतोय.

सकाळी दोघं पुन्हा खिडकीशी.

"आणि कास्ताल्दो म्हणजे काय हो, साहेब?" फिलोमेनाने विचारलं.

साहेब ताठ बसले. "त्याच लोंबार्दांचं नाव. राजाचा कारभारी."

"राजा कुठंय?"

"राजा गेला, राज्य गेलं. कारभारी आहे."

"म्हणजे तुम्हीही यांच्यातलेच!"

"म्हणून तर घरचा माणूस म्हणून सांगतो, अर्ज मागे घ्या."

सावेरियोने गळ्यातला पट्टा जरा सैल केला. "आणि माझी मेंढी?"

"वारसाहक्काने लांडग्याकडे गेली."

रांगेत पुन्हा हशा पिकला. त्यात तुम्हीही होतात, ते साहेबांना काचेतून स्पष्ट दिसलं. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि बोटाने तुम्हाला जवळ बोलावलं.

"पुढचे. आडनाव?"