भास्करअण्णांची बॅटरी

आमच्या आगाशी गावात भास्करअण्णा कुणाला "कसा आहेस?" असं विचारत नसत. ते खिशातून बॅटरी काढत आणि म्हणत, "आ कर."

एकदा बसच्या कंडक्टरचा आवाज बसलेला. अण्णांनी त्याला दारातच अडवलं. "तिकिटं नंतर. आधी आ करा."

"अण्णा, गाडीला उशीर होतोय."

"गळा गेला तर ओरडणार कशानं? मिठाच्या गुळण्या करा. परतताना अडुळसा घेऊन जा."

मागचे प्रवासी हसले आणि आपापली तोंडं मिटून बसले.

अण्णांच्या केळीच्या वाडीला अडुळशाचं कुंपण होतं. एका खिशात बॅटरी, दुसऱ्यात ज्येष्ठमधाच्या काड्या. नियम एकच: पंधरा दिवसांत आवाज सुटला नाही, तर काढा बंद, डॉक्टर सुरू. माझ्या आईनं टाळाटाळ केली, तर तिला स्वतः दवाखान्यात नेऊन बसवलं होतं.

मी आमच्या घरातला पहिला कॉलेजात गेलेला. मला काही विचारण्याजोगा माणूस समजणारे अण्णा पहिलेच. त्यांचा प्रश्न ठरलेला, "तुझ्या पुस्तकात ज्येष्ठमधाचं काय लिहिलंय? खरंच काही होतं का त्यानं?"

मी ऐटीत सांगितलं, "दोन गट करा. एकाला काढा, दुसऱ्याला नुसतं गरम पाणी."

सप्ताह संपला होता. भजनी मंडळाचे आठ गळे बसलेले. अण्णांनी चार-चार वाटून घेतले. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेलो, तर आठही जण खणखणीत बोलत होते.

"अण्णा, पाणीवालेसुद्धा बरे झाले?"

अण्णा केळीकडे बघत म्हणाले, "त्यांचे चेहरे बघवेनात रे. त्यांच्याही पाण्यात टाकला ज्येष्ठमध."

"मग प्रयोग कसला झाला?"

"गळे तर सुटले ना."

शेवटी बी.एस्सी.ची परीक्षा आटोपल्यावर मी कॉलेजच्या लायब्ररीत मिळेल ते वाचलं आणि अण्णांच्या ओटीवर जाऊन सांगितलं. मीठपाणी, मध, ज्येष्ठमध यांनी घशाची आग कमी होते, त्याला थोडाफार आधार आहे. पण आत मोठा आजार असेल, तर तो त्यांनी जात नाही.

अण्णा बराच वेळ बॅटरी चालू-बंद करत राहिले.

"तुझ्या काकूचा आवाज बसला, तेव्हा मी दोन महिने काढाच देत बसलो," ते म्हणाले. "डॉक्टरकडे नेलं तोवर गाठ वाढली होती."

काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. अण्णांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आजार जात नाही, ते मला कळलंच होतं. पण आग कमी होते म्हणालास ना?"

"हो, अण्णा."

"म्हणजे काढा घेतला की तिला घटकाभर तरी बरं वाटत असेल?"

"वाटत असणार," मी कसंबसं म्हटलं.

अण्णांनी बॅटरी माझ्या तोंडासमोर धरली.

"तुझाही आवाज बसलाय. आ कर."