एका घासाचा निरोप

कार्यालयातून माणूस निवृत्त झाला की त्याला निरोप द्यावा लागतो, आणि निरोप दिला की खायला द्यावं लागतं. इथपर्यंत कुणाचंच दुमत नव्हतं. दुमत होतं ते काय खायचं, कसं खायचं आणि खाऊन झाल्यावर हात कुठे पुसायचे याबद्दल. ते मिटवायला अल्पोपहार समिती नेमलेली होती. समितीने पुष्कळ विचार करून व्याख्या ठरवली होती. जो पदार्थ उभ्याने, दोन बोटांत धरून, एका घासात संपतो, स्वस्त असतो आणि ज्याला ताटली लागत नाही, तो अल्पोपहार. ताटली आली की ते जेवण. जेवणाला वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते, आणि वरचं कार्यालय बहुतेक वेळा स्वतःच जेवत असतं, त्यामुळे ती येत नाही.

खुर्चीचंही तसंच. माणूस बसला की सैलावतो, आणि सैलावला की ताटली मागतो. म्हणून निरोपाच्या दिवशी सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या मागच्या खोलीत एकावर एक रचून ठेवायच्या आणि एकच बाहेर काढायची. ती सत्कारमूर्तीची. सत्कारमूर्तीला त्या दिवसापुरती बसण्याची आणि ताटलीची सूट होती. साहेबांनी खूण केली की कुणीतरी ताटली भरून त्याच्या हातात द्यायचं, आणि तो खात असताना बाकीच्यांनी उभ्या उभ्या त्याच्याकडे कौतुकाने बघायचं, असा प्रघात होता.

जावकबाईंचा डोळा या खुर्चीवर होता. आजचा नव्हे, फार जुना.

बाहेर जाणारं सगळं टपाल त्यांच्या टेबलावरून जायचं, म्हणून त्या जावकबाई. त्या नोकरीला लागल्या तेव्हा टाइपरायटरच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही आणि कार्बन पेपरने बोटं कायम निळी असायची. तेव्हा निरोप म्हणजे कपभर चहा आणि बिस्किटं. जाणारा माणूस बिस्कीट चहात बुडवायचा, बोलण्याच्या नादात ते तुटून आत पडायचं, आणि तो चमचा शोधत असताना सगळ्यांचे डोळे भरून यायचे. खर्च नाही, समिती नाही, नाटक नाही. मग एकदा कुणाच्या तरी निरोपाला बाईंनी हौसेने घरून पाव कापून आणले. कडा काढलेले, मध्ये लोणी आणि काकडी, त्रिकोणी. तेव्हाचे साहेब एक तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "वा."

कार्यालयात ‘वा’ फार जपून स्वीकारावा. एकदा मिळाला की तो हुद्द्याला चिकटतो.

तेव्हापासून प्रत्येक निरोपाचं खाणं बाईंकडे. हळूहळू काळ बदलला. पावाच्या शेजारी उकडलेली अर्धी अंडी आली, काडीला टोचलेली द्राक्षं आणि चीज आलं, बिस्किटावर बटाट्याचा गोळा आणि त्यावर टोमॅटोची टिकली आली. खाणं बदललं, करणारी बदलली नाही. कोण गेलं आणि जाताना काय खाल्लं, हे बाईंना पाठ होतं. भांडारपालांनी भाषणभर अंड्यांवरची नजर हलवली नव्हती. टंकलेखन विभागातल्या थोरल्या बाईंनी रडत रडत पर्समधल्या रुमालात भाजलेले शेंगदाणे बांधून घेतले होते. एक उपसाहेब तर स्वतःचा सत्कार अर्धवट सोडून ट्रेच्या मागे फिरत होते. या सगळ्यांना बाईंनी ताटली भरून दिली होती आणि स्वतः दारापाशी ट्रे धरून उभ्या राहिल्या होत्या. ट्रेत उरलेले चुरे त्या घरी जाऊन खात.

आता त्यांची पाळी आली होती.

"मला काही नको," त्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या. दोघी एकत्र राहत. धाकटी शिवणकाम करायची. "घड्याळ नको, गुच्छ नको. फक्त त्या खुर्चीवर बसायचंय, आणि दुसऱ्या कुणीतरी ताटली हातात आणून द्यायची. त्यात काय असेल ते असो. मी केलेलं नसलं म्हणजे झालं."

धाकटीच्या तोंडात टाचण्या होत्या. ती ओठाच्या एका कोपऱ्यातून म्हणाली, "आणि ते कोण करणार?"

"कुणीतरी करेल की."

"ताई, तुमच्या ऑफिसात ‘कुणीतरी’ म्हणजे तूच."

बाई हसल्या. पण दुसऱ्याच दिवशी हेडक्लार्क त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ते समितीचे अध्यक्षही होते. कामापुरते गोड बोलायचे, आणि त्यांना कायम काम असायचं.

"बाई, जरा अडचण झालीये. खाद्यपुरवठा कुणाकडून घ्यायचा याचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. आधी आपल्याकडे पुरवलेलं असलं पाहिजे."

"मग?"

"मग आधी कुणी पुरवलंय, ते काढून बघितलं आम्ही. तर सगळीकडे तुम्हीच निघालात."

"पण मीच तर चाललेय."

"तेच ना. म्हणजे ही शेवटचीच संधी." हेडक्लार्कांनी आवाज खाली आणला. "नाहीतर बेकरीवाल्याला आधी एकदा पुरवावं लागेल, तेव्हा तो पुरवायला पात्र ठरणार. त्याला एकदा पुरवू द्यायचं तर त्याआधी…"

"कळलं," बाई म्हणाल्या. नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर अशी वाक्यं पुरी ऐकावी लागत नाहीत.

घरी धाकटीने कात्री खाली ठेवली. "स्वतःच्या निरोपाचे पाव स्वतः कापणार? उद्या स्वतःच स्वतःच्या पाठीवर थाप मार म्हणतील. हात पुरतो का बघून ठेव."

"अगं, एकदा करून ट्रे ठेवला की झालं. बसायला तर मिळेल."

बाईंना वाटलं गोष्ट इथेच संपली. पण कार्यालयात नवीन कल्याण अधिकारी आल्या होत्या. वयाने लहान, बोलायला मृदू, आणि कल्याणाच्या बाबतीत कुणाची गय न करणाऱ्या. त्यांनी बाईंना बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या केसमध्ये एक प्रश्न येतोय. खाद्य पुरवणार तुम्ही आणि ते देणार तुम्हालाच. पुरवठादार आणि लाभार्थी एकच व्यक्ती झाली."

"मी माझ्याशीच संगनमत करीन, असं वाटतंय का?"

"नाही हो मॅडम, तुम्ही कशाला कराल? पण दिसताना तसं दिसू नये. समजा, तुम्ही स्वतःच्या ताटलीत मोठा तुकडा ठेवलात?"

बाईंनी क्षणभर विचार केला. ठेवला असता. "मग काय करायचं?"

"दोन्हींपैकी एक निवडा. पुरवठादार किंवा सत्कारमूर्ती."

"सत्कारमूर्ती," बाई लगेच म्हणाल्या.

"चालेल ना. मग अल्पोपहार नाही. आणि अल्पोपहार नसला की तो समारंभ होत नाही, नुसती सभा होते. सभेत सत्कार करता येत नाही." कल्याण अधिकाऱ्यांचा चेहरा खरोखर कष्टी झाला. "मला फार वाईट वाटतंय, मॅडम."

हेडक्लार्कांनी बाईंना जिन्यात गाठलं. "तुम्ही पुरवठादार व्हा हो. नवीन बाई आहेत, चार दिवस नियम बोलतील. ऐन वेळी कोण बघतंय? आम्ही तुम्हाला धरून बसवू खुर्चीत."

बाईंनी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर थोडा विश्वास आणि थोडा अभिमान होता. आपण नाही म्हटलं तर दुसरं कुणी पाव जाडे कापील, काकडी न पिळता घालील आणि लोक पाणी गळणारे त्रिकोण हातात धरून आपल्याला निरोप देतील, हे चित्र त्यांना सहन झालं नाही.

पुढचा प्रश्न भाषणाचा. साहेबांसाठी चार ओळी लिहायच्या होत्या, म्हणून कल्याण अधिकारी सगळ्या विभागांतून फिरल्या आणि शेवटी पुन्हा बाईंकडेच आल्या.

"मॅडम, तुमच्याबद्दल माहिती हवी होती. सगळे म्हणतात, बाई फार चांगल्या. पुढे कुणालाच काही आठवत नाहीये. एकांनी अंड्यांबद्दल सांगितलं."

"मी काय सांगू स्वतःबद्दल?"

"जे असेल ते. फक्त खाण्याचा उल्लेख नको, तो पुरवठादाराकडे जातो."

बाई टेबलावरची पाकिटं सारखी करत राहिल्या. कल्याण अधिकाऱ्यांनी ‘मनमिळाऊ’ असं लिहून घेतलं आणि त्या निघून गेल्या.

शेवटची गाठ समारंभाच्या सकाळी पडली. बाई आणि धाकटी पहाटेपासून ओट्याशी उभ्या होत्या. धाकटीने द्राक्षं टोचता टोचता समितीतल्या एकेकाचा उद्धार केला होता. भरलेले डबे घेऊन दोघी कार्यालयात पोचल्या. धाकटी डबे ठेवून आपल्या गिऱ्हाइकाकडे गेली, आणि हेडक्लार्क आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा गोड आवाजात म्हणाले, "बाई, तेवढा चार्ज देऊन टाका. चार्ज दिल्याशिवाय निरोप देता येत नाही."

बाईंनी चार्ज दिला. कपाटाची किल्ली, शिक्के, टपालाची तिकिटं. नवीन माणूस अजून नेमलेला नव्हता, म्हणून हेडक्लार्कांनी तो अतिरिक्त म्हणून स्वतःकडे घेतला. किल्ली त्यांच्या हातात पडली आणि कल्याण अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान उमटलं.

"म्हणजे प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. "कागदोपत्री निरोप जावक टेबलाला आहे. जावक टेबल आता सरांकडे आहे. सत्कारमूर्ती सर, पुरवठादार मॅडम. कुठेच हितसंबंधांचा संघर्ष नाही."

हेडक्लार्कांनी ‘छे छे’ म्हटलं. नको तितक्या वेळा म्हटलं, आणि म्हणता म्हणता खुर्चीत बसले.

समारंभ वेळेवर सुरू झाला. सगळे उभे होते. बाई ट्रे घेऊन दारापाशी. साहेबांनी भाषण वाचलं. जावक टेबलाने आयुष्यभर संस्थेची निरपेक्ष सेवा केली, कधी पुढे पुढे केलं नाही, श्रेय मागितलं नाही, असे मनमिळाऊ टेबल पुन्हा होणे नाही. हेडक्लार्क मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. निरपेक्षपणाच्या उल्लेखाला त्यांना हुंदका आला, आणि तो खोटा नव्हता. लेखापालांनी त्यांना रुमाल दिला. गुच्छ दिला गेला, भिंतीवरचं घड्याळ दिलं गेलं.

मग साहेबांनी खूण केली. "कुणीतरी सत्कारमूर्तींना ताटली द्या."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी ताटली भरली. दोन त्रिकोण, एक अंडं, द्राक्षांची काडी. सवयीने अंड्यावर मिरपूडही भुरभुरली आणि ताटली हेडक्लार्कांच्या हातात दिली.

"वा," हेडक्लार्क म्हणाले. "बाई, मीठ किंचित कमी आहे का?"

थोड्या वेळाने ते हात धुवायला गेले. गर्दी साहेबांभोवती होती. खुर्ची रिकामी होती. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, ट्रे शेजारच्या टेबलावर ठेवला, एक त्रिकोण उचलला आणि खुर्चीच्या कडेला टेकायला म्हणून वाकल्या. गुडघे सकाळपासून बोलतच होते.

"मॅडम, मॅडम." कल्याण अधिकारी अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने जवळ आल्या. "ट्रे खाली ठेवलात. टेबलावर ठेवला की लोक आपापलं घेतात, म्हणजे बुफे झाला. बुफे जेवणात मोडतो. तेवढा हातात धरा ना, प्लीज. तुमच्याच समारंभाला गालबोट नको."

बाईंनी ट्रे उचलला. त्रिकोण परत त्यात ठेवला. तो लेखापालांनी घेतला.

सगळं संपल्यावर लोक भेटायला आले. कुणी म्हणालं, "बाई, तुमचा निरोप झकास झाला हो." कुणी म्हणालं, "आता काय, आराम." लेखापालांनी बाईंना जरा बाजूला घेतलं. पुढच्या महिन्यात साहेबांची बदली होती. "तुम्ही याल ना? आता तर तुम्हाला वेळच वेळ." बाई हो म्हणाल्या. ट्रे त्यांच्या हातात होता, आणि ट्रे हातात असताना नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

संध्याकाळी धाकटीने दार उघडलं, बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शिवणयंत्रापुढची आपली खुर्ची ओढून दिली. "बस. मी आमटीभात वाढते."

"तू कशाला उठतेस, दिवसभर गिऱ्हाइकाकडे होतीस," बाई म्हणाल्या आणि दोन ताटं घ्यायला आत गेल्या.

ही हकीकत ज्यांनी ज्यांनी ऐकली, ते सगळे हळहळले. हेडक्लार्कांना नावं ठेवून झाली, समितीला हसून झालं, आपल्या ऑफिसात असं कधी होणार नाही म्हणून झालं. आणि मग जरा थांबून प्रत्येकाने विचारलं, पण ते पाव पहाटे करून ठेवले तर दुपारपर्यंत मऊ कसे राहतात हो? आमच्याकडे रविवारी थोडी माणसं यायची आहेत.

तुमच्याही मनात तो प्रश्न येऊन गेला असेल. संकोच करू नका, बाईंचा फोन चालू असतो आणि त्या सगळं नीट सांगतात. फक्त त्या उभ्या आहेत की बसल्या आहेत, एवढं आधी विचारा. अजून कुणी विचारलेलं नाही.